विज्ञान कादंबऱ्या आणि फँटसीचा ऑनलाइन वाचनगट : चर्चा रंगवायची कशी

विज्ञान कादंबरी किंवा फँटसीवर गटात बोलायला बसलं की पहिल्या दहा मिनिटांत दोनपैकी एक गोष्ट हमखास होते. एक तर कोणीतरी "अरे, पण शेवटी तर तो…" म्हणत पुढचं सगळं सांगून मोकळा होतो. नाहीतर कोणीतरी "मला पहिली पन्नास पानं काही कळलीच नाहीत" म्हणतं आणि चारजण मिळून त्याला पुस्तकातलं राजकारण समजावत बसतात. दोन्ही वेळा चर्चा तिथेच बसते.

सामाजिक किंवा कौटुंबिक कादंबरीत शेवट आधी कळला तरी फारसं बिघडत नाही. घर, नोकरी, लग्न, भाऊबंदकी या गोष्टी आपल्या ओळखीच्या असतात. विज्ञानकथा आणि फँटसीत मात्र आकाशात चंद्र किती आहेत, जादू कोणाला येते, यंत्रं कोणाचं ऐकतात, राजा मेला की गादी कोणाकडे जाते, हे वाचकाला पान उलटत उलटत गोळा करावं लागतं. आणि ते गोळा करण्यातच अर्धी मजा असते. म्हणून अशा गटाचं मुख्य काम एकच : कोणाला, कधी, किती माहीत असावं ते सांभाळणं. पुस्तक निवडणं, टप्पे पाडणं, प्रश्न काढणं, हे सगळं त्याच्या मागोमाग येतं.

पुस्तक ठरवताना

नव्या गटाने मालिकेला हात घालू नये असं माझं ठाम मत आहे. पहिलं पुस्तक एका खंडात संपणारं आणि तीन-साडेतीनशे पानांच्या आतलं असावं. मालिकेतला पहिला भाग घ्यायचाच असेल, तर तो स्वतःपुरता संपतो का हे आधी वाचलेल्या एखाद्याला विचारून घ्या. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४ आणि १९५५ मध्ये तीन खंडांत आलं, म्हणून अनेकांना ती त्रयी वाटते. लेखक टॉल्किनने मात्र ती एकच सलग कादंबरी म्हणून लिहिली होती. पहिला खंड वाचून थांबलेल्या गटाच्या हाती शेवट लागत नाही, आणि शेवटाशिवायची चर्चा लटकत राहते. ती वाचायचीच असेल तर तिच्या आतच सहा 'पुस्तकं' पाडलेली आहेत, त्या सहा भागांचे सहा टप्पे करा आणि सगळ्यांना आधीच सांगा की हे काम काही महिन्यांचं आहे.

मालिकेत क्रमाचाही घोळ असतो. नार्नियाच्या गोष्टींतलं आधी प्रसिद्ध झालेलं पुस्तक १९५० चं आहे, पण त्या जगाचा जन्म सांगणारं पुस्तक १९५५ चं, आणि हल्लीच्या संचांवर बहुतेक वेळा त्यालाच पहिला क्रमांक असतो. शंका असेल तेव्हा प्रसिद्धीचा क्रम धरावा. लेखकाने वाचकाला त्या जगात कोणत्या दाराने आत आणलं, ते त्याच क्रमात दिसतं.

सुचवणाऱ्याने पुस्तकाची ओळख स्वतःच्या शब्दांत, तीन-चार ओळींत द्यावी. मलपृष्ठावरचा मजकूर तसाच चिकटवू नये. पुस्तक खपवण्यासाठी लिहिलेला तो मजकूर कित्येकदा पहिल्या शंभर पानांतलं सगळं सांगून टाकतो. मतदान घेताना "कोणतं हवं?" याच्याबरोबर "कोणतं अजिबात नको?" हेही विचारा. दहा जणांच्या गटात चौघांना अतिशय आवडलेलं आणि तिघांना नकोसं झालेलं पुस्तक निवडलं, तर दुसऱ्या टप्प्यापर्यंत ते तिघे गळालेले असतात.

गट अगदीच नवा असेल तर आधी एखादी लघुकथा घ्या, आणि जमलं तर लेखकाचं नाव न सांगता द्या. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते नाव बनवलं होतं. शास्त्रज्ञ म्हणून असलेल्या नावाचं वजन निकालावर पडू नये हा हेतू, आणि कथेला पहिलं बक्षीस मिळालं. वाचनगटातही मोठं नाव दिसलं की लोक आपलं खरं मत गिळतात.

आवृत्ती जुळवून घ्या

हे काम बहुतेक गट टाळतात आणि मग भलत्याच गोष्टीवरून भांडतात. उदाहरण म्हणून 'फ्रँकेन्स्टाइन' घेऊ. मेलेल्या शरीरांतून जिवंत प्राणी घडवणाऱ्या व्हिक्टर या विद्यार्थ्याची ही मेरी शेलीची कादंबरी १८१८ मध्ये आली आणि १८३१ मध्ये तिने स्वतःच तिच्यात बरेच बदल करून नवी आवृत्ती काढली. दोन्ही आजही छापल्या जातात आणि दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. आता गटात असं संभाषण होतं :

"एलिझाबेथ त्याची आत्येबहीण ना? मग लग्न ठरतं ते जरा विचित्र नाही वाटत?"
"आत्येबहीण कुठे? तिला तर त्याच्या आईने एका गरीब कुटुंबाकडून आणलेलं असतं. अनाथ असते ती."
"तू नीट वाचलं नाहीस."
"मी आत्ता पान उघडून बसलोय!"

दोघांचंही बरोबर आहे. १८१८ च्या आवृत्तीत ती आत्येबहीण आहे, १८३१ च्या आवृत्तीत दत्तक घेतलेली अनाथ मुलगी. प्रकरणांचे आकडेही जुळत नाहीत. जुनी आवृत्ती तीन खंडांची आणि प्रत्येक खंडात प्रकरणांचे आकडे पुन्हा एकपासून, तर नवीत सलग चोवीस प्रकरणं. "पाचव्या प्रकरणापर्यंत वाचून या" असं सांगितलं की अर्धा गट एकीकडे, अर्धा दुसरीकडे.

अनुवादातही असंच होतं. लिऊ त्सशिन यांची 'द थ्री बॉडी प्रॉब्लेम' चिनी भाषेत २००६ मध्ये मासिकातून क्रमशः आली, २००८ मध्ये पुस्तक झालं आणि २०१४ मध्ये केन लिऊ यांचा इंग्रजी अनुवाद आला. चिनी पुस्तकात सांस्कृतिक क्रांतीचा भाग बराच पुढे येतो. इंग्रजीत मात्र कादंबरी सुरूच तिथून होते. त्यामुळे "सुरुवात कशी वाटली?" हा साधा प्रश्नसुद्धा कोणती प्रत हातात आहे यावर ठरतो.

म्हणून पुस्तक ठरलं की सूत्रधाराने एक पोस्ट टाकावी : कोणती आवृत्ती, कोणाचा अनुवाद, पहिलं वाक्य काय आणि शेवटच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य काय. शेवटचं पान उघडायला मात्र कोणाला सांगू नका.

टप्पे पाडणं

पानं समान वाटून टप्पे पाडू नका. एखादा मोठा प्रश्न उघडा पडतो आणि उत्तर अजून आलेलं नसतं, अशा जागी थांबा. उत्तर मिळाल्यावर थांबलात तर बैठकीत लोक फक्त "काय भारी होतं ना!" एवढंच म्हणतात. आधी थांबलात तर अंदाज बांधतात, वाद घालतात, मागची पानं चाळून पुरावे आणतात.

'फ्रँकेन्स्टाइन' या दृष्टीने सोन्यासारखी आहे. (दोनशे वर्षं जुन्या पुस्तकाबद्दल एवढं बोलायची मुभा मी घेतो, शेवट मात्र सांगणार नाही.) १८३१ ची आवृत्ती धरली तर चार टप्पे असे पडतात. सुरुवातीची चार पत्रं आणि प्रकरण १ ते ४ : व्हिक्टरचं काम पूर्ण होत आलंय, तब्येत ढासळलीय, आणि आपण थांबतो. मग ५ ते १० : ज्याला निर्माण केलं तो आता समोर उभा आहे आणि "माझं ऐकून घे" म्हणतोय. पुढे ११ ते १६ : त्याने आपली कहाणी सांगितली आणि एक मागणी ठेवली. उरलेली आठ प्रकरणं शेवटच्या टप्प्यात. तिन्ही थांबे अर्धवट प्रश्नावर आहेत. दुसऱ्या बैठकीनंतर लोकांना पुढचा आठवडा जड जातो, आणि तसा तो जायलाच हवा.

पहिला टप्पा नेहमी लहान ठेवा. अनोळखी जगातली पहिली साठ पानं पुढच्या शंभराइतका वेळ घेतात. त्यानंतर आठवड्याला ऐंशी ते शंभर पानं बहुतेकांना झेपतात. नोकरी करणाऱ्यांचा गट असेल तर दोन आठवड्यांचं अंतर बरं.

टप्प्याची खूणही नीट सांगावी लागते. 'ड्यून'मध्ये प्रकरणांना आकडेच नाहीत. प्रत्येक प्रकरण एका काल्पनिक ग्रंथातल्या उताऱ्याने सुरू होतं, तेव्हा त्या उताऱ्याचे पहिले चार-पाच शब्द देणं हाच उपाय. ई-बुकची टक्केवारी फसवी असते, कारण तिच्यात परिशिष्टं आणि शब्दसूचीही मोजली जाते. गोष्ट ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांनाच संपते आणि वाचक मात्र अजून बरंच बाकी आहे असं समजत राहतो. ऑडिओबुक ऐकणाऱ्यांसाठी टप्प्याचं शेवटचं वाक्य द्या. त्यांना नावं कशी लिहायची हे दिसत नाही आणि नकाशाही मिळत नाही, म्हणून मुख्य नावांची लेखी यादी त्यांना पहिल्याच दिवशी द्यावी. वेळ सांगून उपयोग नाही, प्रत्येक ध्वनिमुद्रणाची लांबी वेगळी.

स्पॉयलरचा बंदोबस्त

स्पॉयलर म्हणजे पुढचं आधीच फोडणारी माहिती. प्रत्येक टप्प्यासाठी चर्चेचा वेगळा धागा उघडा आणि त्याच्या नावातच हद्द लिहा : "टप्पा २ : प्रकरण १० च्या शेवटापर्यंत". त्या धाग्यात त्या हद्दीपर्यंत काहीही बोलायला मोकळीक, पुढचं एक अक्षरही नाही. झाकून लिहिण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. डिस्कॉर्डवर मजकुराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा दिल्या की तो झाकला जातो, टेलिग्रामवर मजकूर निवडून स्पॉयलर म्हणून झाकता येतो. अशी सोय नसेल तिथे संदेशाच्या पहिल्या ओळीत फक्त इशारा असावा, कारण फोनच्या नोटिफिकेशनमध्ये तीच ओळ आधी दिसते. ही कटकट आजची नाही. १९८० च्या दशकात यूजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चामंचावर लोक इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवून मजकूर लिहायचे. वाचायचा असेल त्याने उलगडून वाचावा, बाकीच्यांनी पुढे जावं.

खरी अडचण उघड सांगणाऱ्यांची नसते, सूचक बोलणाऱ्यांची असते. ज्याने पुस्तक आधी वाचलंय तो "या माणसाकडे लक्ष ठेवा हं" म्हणतो, आणि त्याला वाटतं आपण काहीच सांगितलं नाही. कोणाच्या अंदाजावर हसणारा इमोजी टाकणं, "बघू बघू" म्हणणं, एखादा अंदाज सोडून बाकी सगळ्यांना उत्तर देणं, या सगळ्यातून माहिती गळते. नियमांची पोस्ट म्हणून इतकी स्पष्ट हवी :

"ज्यांनी पुस्तक आधी वाचलंय त्यांनी कोणाच्याही अंदाजावर प्रतिक्रिया देऊ नये. चूक, बरोबर, जवळपास, काहीच नाही. सिनेमा, मालिका, पुढच्या भागांची नावं, मुखपृष्ठांवरची चित्रं हेही स्पॉयलरच. पात्राचं नाव सर्च करू नका. शोधपेटीच पुढचे शब्द सुचवते आणि त्यात 'मृत्यू' असतो."

शेवटची ओळ गंमत म्हणून लिहिलेली नाही, खरंच असं होतं. चाहत्यांनी बनवलेल्या विकींवरही पात्राच्या पानावर पहिल्याच चौकटीत त्याचा शेवट लिहिलेला असतो. पुस्तकातली परिशिष्टंही निर्धोक नाहीत. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या कालपटात गोष्ट संपल्यानंतर कोणाचं काय झालं तेही दिलंय. आणि अभिजात पुस्तकांच्या अभ्यासू प्रस्तावना तर शेवट माहीत आहे असं धरूनच लिहिलेल्या असतात. प्रस्तावना शेवटी वाचा, असं गटात सांगूनच टाका.

पुनर्वाचन करणाऱ्यांना नुसतं गप्प बसवलं तर ते कंटाळतात. त्यांचा स्वतंत्र धागा काढून द्या. लेखकाने पुढच्या घटनांची पेरणी कुठे केलीय, हे टिपण्याचं काम त्यांना द्यावं. शेवटच्या बैठकीत ही टिपणं कामी येतात.

पहिल्या बैठकीतला गोंधळ

पहिल्या टप्प्यानंतर निम्म्या लोकांना काही कळलेलं नसतं आणि ते बोलायला लाजतात. सूत्रधाराने आधीच सांगून टाकावं की लेखकाने बरंच काही मुद्दाम सांगितलेलं नाही. मग लगेच समजावायला धावू नये. पुस्तकाने जे शंभर पानांनंतर सांगायचं ठरवलंय ते गटातल्या हुशार सभासदाने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, तर वाचणाऱ्याच्या हाती काय राहिलं?

त्याऐवजी सगळ्यांना लिहिता येईल असा एक तक्ता उघडा. त्यात तीन रकाने पुरतात : पुस्तकात काय सांगितलंय, ते कोण सांगतंय, आणि आपला अंदाज काय. मधला रकाना लोकांना अनावश्यक वाटतो, पण खरी मजा तिथेच आहे. 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये त्या प्राण्याची कहाणी आपण वाचतो, पण ती त्याने व्हिक्टरला सांगितली, व्हिक्टरने जहाजावर भेटलेल्या वॉल्टनला सांगितली आणि वॉल्टनने बहिणीला पत्रांतून लिहिली. तक्त्यात प्रत्येक माहितीपुढे "कोण म्हणतंय" लिहायला लागलं की तिसऱ्या टप्प्यापर्यंत कोणीतरी आपणहून विचारतं, "या माणसाच्या शब्दावर आपण एवढा विश्वास का ठेवतोय?" एवढा प्रश्न आला की त्या दिवशीची बैठक आपोआप चालते.

अनोळखी शब्दांची यादीही तक्त्यात ठेवा, पण अर्थ शब्दसूचीतून उतरवू नका. संदर्भावरून काय वाटतं ते लिहा आणि पुढे बदलत जा.

कोणते प्रश्न विचारावेत

"पुस्तक आवडलं का?" या प्रश्नाने सुरुवात केली की लोक बाजू घेतात आणि मग शेवटपर्यंत ती सोडत नाहीत. पाचपैकी किती तारे, हेही मी पहिल्या बैठकीत विचारू देत नाही.

विज्ञानकथेसाठी सुरुवातीचा सगळ्यात कामाचा प्रश्न हा : आपल्या जगापेक्षा इथे नेमकी कोणती एक गोष्ट वेगळी आहे? दार्को सुविन या अभ्यासकाने अशा नव्या गोष्टीला 'नोव्हम' म्हटलं, आणि तिच्याभोवतीच विज्ञानकथा उभी राहते अशी त्याची मांडणी आहे. गटाला ती एक गोष्ट एका वाक्यात लिहायला सांगा. आठ जणांची आठ वाक्यं वेगळी निघतात. कोणी लिहितं, "मेलेल्या शरीरांतून जिवंत प्राणी करता येतो." कोणी लिहितं, "एक विद्यार्थी कोणालाच न विचारता हे करू शकतो." दुसरं वाक्य लिहिणाऱ्याने अगदी वेगळं पुस्तक वाचलंय. मग पुढचे प्रश्न येतातच : या बदलाने कोणाचं भलं झालं? किंमत कोणी मोजली? लेखकाने कोणत्या परिणामांकडे पाहिलंच नाही?

फँटसीत हाच प्रश्न जादूच्या नियमांवरून विचारता येतो. ब्रँडन सँडरसन या लेखकाचं म्हणणं असं की वाचकाला जादू जितकी कळलेली असेल, तितकंच तिच्या आधाराने संकट सोडवणं पटतं. हे सगळ्याच फँटसीला लागू व्हावं असं मला वाटत नाही. काही पुस्तकांत जादू अगम्य असण्यातच तिचा धाक असतो. पण सुटका पटली नाही असं कोणी म्हणालं की हे मोजमाप काढावं : सुटकेचा मार्ग आधी दाखवलेला होता का, की ऐन वेळी खिशातून काढला?

तक्रारींचीही वर्गवारी करावी लागते, कारण "हे काही पटत नाही" या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. समजा कथेतलं यान पृथ्वीवरून निघून आठवड्यात दुसऱ्या ताऱ्याजवळ पोचतं. गटातला भौतिकशास्त्रवाला म्हणणार, "सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. प्रकाशालाच सव्वाचार वर्षं लागतात, याला आठवडा कसा पुरला?" मुद्दा खरा, पण ती लेखकाने सुरुवातीलाच मागून घेतलेली सूट आहे. दिली तर खेळ सुरू होतो. दुसरी तक्रार अशी : तिसऱ्या प्रकरणात या प्रवासाला सहा महिने लागले आणि विसाव्या प्रकरणात, नायिका संकटात असताना, एका रात्रीत झाला. इथे पुस्तकाने स्वतःचाच नियम मोडला, आणि त्याचा जाब विचारायलाच हवा. तिसरी तक्रार : नियम वगैरे ठीक, पण एवढा घाबरट माणूस असा अचानक शूर कसा झाला? हा माणसांच्या चित्रणाचा प्रश्न, त्याला यानाशी देणंघेणं नाही. कोणी तक्रार केली की सूत्रधाराने फक्त एवढंच विचारावं, "यातली कितवी?" भांडणं निम्म्याने कमी होतात. भौतिकशास्त्रवाल्याला मात्र गप्प बसवू नका. खरं विज्ञान काय म्हणतं याची पाच मिनिटं त्याला प्रत्येक बैठकीत द्या. लोक ती मिनिटं आवडीने ऐकतात.

फँटसीत आणखी एक सापळा आहे, रूपक शोधण्याचा. अंगठी म्हणजे अणुबॉम्ब, राक्षस म्हणजे अमुक राजवट. असं एकदा ठरलं की पुढे बोलायला काही उरत नाही. टॉल्किनने आपल्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलंय की त्याला रूपककथा आवडत नाहीत. एखादी गोष्ट वाचकाला आपल्या अनुभवाला लागू करता यावी, हे त्याला जास्त पसंत होतं, कारण त्यात वाचकाला मोकळीक असते. म्हणून "हे कशाचं रूपक आहे?" ऐवजी "हे वाचताना तुम्हाला काय आठवलं?" असं विचारा. उत्तरं खूप वेगवेगळी येतात आणि कोणालाच खोडून काढावं लागत नाही.

दर बैठकीत एक प्रसंग मात्र अगदी जवळून वाचा. दीड-दोन पानं, मोठ्याने, एकाने. 'फ्रँकेन्स्टाइन'मधला जन्माचा प्रसंग घ्या आणि आधी सगळ्यांना आठवणीतून सांगायला लावा की तिथे काय घडतं. वादळ, कडाडणारी वीज, उंच मनोऱ्यातली प्रयोगशाळा, कुबडा मदतनीस! मग पान वाचा. नोव्हेंबरमधली रात्र, खिडकीवर पावसाचे थेंब, संपत आलेली मेणबत्ती, आणि तिच्या उजेडात उघडणारा एक मंद पिवळा डोळा. वीज नाही, मदतनीस नाही. जीव नेमका कसा आला हेही लेखिका सांगत नाही. बाकीचं सगळं नाटक-सिनेमांनी आपल्या डोक्यात भरलंय. आणखी एक वाक्य पाहा : व्हिक्टरने त्याचे अवयव सुंदर म्हणून निवडले होते. मग डोळा उघडल्याबरोबर व्हिक्टर खोलीतून का पळतो? भीती, किळस, की आता याची जबाबदारी आपली हे उमगणं? कोणी मत दिलं की पुरावा त्याच दोन पानांतून मागा. तासभर कमी पडतो.

प्रत्यक्ष कॉल

व्हिडिओ कॉलवर सहा ते दहा माणसं ठीक. त्याहून जास्त असतील तर दोन गट करा. सव्वा तास पुरे. पहिली पाच मिनिटं एकाने टप्प्याचं कथानक सांगावं, जास्त नाही. त्यानंतर प्रत्येकाने एक न सुटलेला प्रश्न फक्त मांडावा, उत्तरं कोणी द्यायची नाहीत. नेहमी गप्प राहणाऱ्यांना आधी बोलू द्या, कारण पट्टीचा बोलणारा आधी बोलला की बाकीचे "हो, तेच" म्हणतात. आलेल्या प्रश्नांतले दोन-तीन निवडा आणि उरलेला वेळ त्यांना द्या. ज्यांना कॅमेऱ्यासमोर बोलायचं नाही त्यांचं म्हणणं चॅटमधून वाचून दाखवण्याचं काम सूत्रधाराखेरीज दुसऱ्या कोणाकडे द्यावं. एका माणसाला दोन्ही जमत नाही. शेवटी दोन मिनिटं राखून प्रत्येकाने पुढच्या टप्प्याबद्दल एक अंदाज लिहायचा, तारीख घालून.

"ही पोराटोरांची पुस्तकं" म्हणणारा एखादा गटात असतोच. त्याच्याशी वाद घालू नका. जवळून वाचायचा प्रसंग पुढच्या वेळी त्याला वाचायला द्या.

शेवटची बैठक

शेवटच्या बैठकीत स्पॉयलरचे सगळे नियम उठतात, आणि पहिलं काम म्हणजे तारखांसकट जपून ठेवलेले अंदाज वाचून काढणं. चुकलेले अंदाज जास्त उपयोगी असतात. एकाच जागी पाचजण चकले असतील, तर लेखकाने तिथे मुद्दाम काही केलंय. ते पान पुन्हा उघडा आणि पुनर्वाचकांची टिपणं शेजारी ठेवा.

लेखकाच्या मुलाखती, निबंध, समीक्षा या गोष्टींना मी याआधी येऊ देत नाही. लेखक काय म्हणाला हे कळलं की लोक स्वतःचं वाचन मागे घेतात. आता मात्र त्या जरूर आणा, आणि लेखकालाही प्रश्न विचारता येतो हे दिसू द्या. उर्सुला ले ग्विन हिच्या १९६९ च्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'मध्ये एका ग्रहावरच्या माणसांना कायमचं लिंग नाही, तरी निवेदन त्यांच्यासाठी पुरुषवाचक सर्वनाम वापरतं. यावर टीका झाली. १९७६ मध्ये निबंध लिहून तिने आपल्या निवडीचं समर्थन केलं, आणि पुढे १९८० च्या दशकात त्याच निबंधावर नव्या टिपा लिहून आपलं मत बदलल्याचं मोकळेपणाने मांडलं. गटाने आधी स्वतः या मुद्द्यावर भांडून घ्यावं, मग जुना निबंध वाचावा, मग नव्या टिपा. उलट क्रमाने केलंत तर भांडायला काही राहणार नाही. कादंबरीवर सिनेमा असेल तर तोही इथेच, आणि एकाच प्रश्नापुरता : काय गाळलं, आणि ते गाळल्याने पुस्तकातलं काय हललं?

ज्यांचं पुस्तक पुरं झालं नाही त्यांनाही बोलवा, शेवट कळेल हे आधी सांगून. कोणत्या पानावर आणि का सोडलं, हे त्यांना विचारा. तिघांनी एकाच प्रकरणात सोडलं असेल तर ती पुस्तकावरची चांगली टीका आहे, आणि ती पूर्ण वाचलेल्यांना करता येत नाही. ताऱ्यांचा हिशेब हवाच असेल तर या बैठकीच्या अगदी शेवटी घ्या.

पुढचं पुस्तक मात्र त्याच दिवशी ठरवू नका. चार दिवस जाऊ द्यावेत. लगेच विचारलं की सगळे याच मालिकेचा पुढचा भाग मागतात, आणि तो पुरा वाचणारे निम्मेही नसतात.